बासिलीची दाढी

आमच्या ओझुर्गेतीत नाताळ येतो सात जानेवारीला,
बाकीच्या जगाची आवराआवर झाल्यावर,
आणि झाड म्हणून घरात येते हेझलनटची एक वाळकी फांदी.
तिला तासून तासून ढलप्या खाली सोडतात,
पांढऱ्या, कुरळ्या, लांबलचक.
चिचिलाकी. संत बासिलीची दाढी.
बाजारात मिळते, हवी तेवढी.
बाबांनी त्या वर्षी हट्टानं घरीच तासली,
दोन बोटं कापून घेतली,
आणि दाढी झाली एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ,
हुबेहूब आमच्या नुग्झारकाकाची.

आई बारीला होती, इटलीत.
एका सिन्योराचं जेवण, गोळ्या, नखं, चिडचिड
सगळं बघायची.
तिचा तिथला चौथा नाताळ.
फोन आम्ही साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता
आणि ती तिथून
उंटावरून शेळ्या हाकत होती:
डाळिंब खाली बांध, वर नको, फांदी वाकेल.
त्सिआला, आधी केस बांध.
तो पडदा कधी धुतलाय?
बाद्री, काय खातोयस?
काही नाही, म्हणाला बाद्री, तोंडभरून.

मग वीज गेली.
आमच्याकडे वीज गेली तर कोणी दचकत नाही,
हात आपोआप मेणबत्तीकडे जातात.
त्या दिवशी माझा गेला.
मीच ठेवली ती टेबलाच्या कडेला,
दाढीपासून वीतभर लांब.
वीत माझी. मी अकरा वर्षांची होते.

आत्या अक्रोडाच्या रश्श्याचं पातेलं घेऊन
पाठीनं दार ढकलत आत आली,
तिच्यामागून वारा.
दाढी हलली,
म्हातारा आता काहीतरी बोलणार अशी,
आणि बोललाच.
एकदम, छतापर्यंत.

"पाणी!" आई ओरडली
आणि तिथंच तिचं चित्र गोठलं:
तोंड उघडं,
एक हात चौकटीच्या बाहेर,
जणू तिथूनच बादली ओढते आहे.
आत्यानं पातेलं छातीशी धरलं. रस्सा ती देणार नव्हती.
बाबांच्या हाताला लागली
आंबट चेरीच्या सरबताची तीन लिटरची बरणी.
निम्मं सरबत झाडावर, निम्मं भिंतीवर,
एक चेरी संत निकोलसच्या तसबिरीवर
बरोबर नाकापाशी.

मग अंधार. जळक्या साखरेचा वास.
बाद्रीनं विचारलं, केक केलाय का?
कोणी त्याच्या पाठीत धपाटा घातला, अंधारात कळलं नाही.
डब्याला टेकलेली आई अचानक हलली, म्हणाली,
"बोटं मोजा सगळ्यांची."
आम्ही मोजली. चाळीस.
त्यातली दोन चिंधीत.

ही दाढी खरं तर अठरा तारखेला जाळायची असते,
अंगणात, संध्याकाळी.
वर्षाची इडापिडा तिच्या धुराबरोबर जाते म्हणतात.
आत्या म्हणाली, अपशकुन. पीडा अजून पिकलीसुद्धा नव्हती.
बाबा म्हणाले, आपली आगाऊ गेली, रांग न लावता.
अठराला शेजाऱ्यांच्या अंगणातून धूर उठला,
आणि आम्ही कुंपणाशी उभे राहिलो
रिकाम्या हातांनी,
दुसऱ्याच्या लग्नाची वरात बघावी तसे.

पीडा काही गेली नाही.
मार्चमध्ये सिन्योरा वारली
आणि आईनं दुसरी सिन्योरा धरली, दोन जिने वर,
हिची नखं आणखी वाढलेली.
छताला चुना लावला, भिंतीला नाही.
बाबा दर वेळी म्हणत, उन्हाळ्यात बघू.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आई आली.
बॅग दारातच ठेवली.
आम्ही हात पसरून उभे,
ती आमच्यामधून सरळ भिंतीशी गेली,
त्या डागाचा एक पोपडा नखानं खरवडला,
जिभेवर ठेवला,
जरा वेळ थांबली.
"साखर कमी पडली होती," म्हणाली.